मरळीवरचा आळ

उतरा पाण्यात, हरकत नाही. या घाटापासून त्या जांभळीपर्यंत कुठंही पोहा. फक्त पलीकडे कमळाच्या पानांत तांबडी पिल्लं घोळक्यानं वरखाली होताना दिसली, तर तिकडे जाऊ नका. त्यांच्याखाली त्यांची आई, मरळ मासळी असते. पिल्लांजवळ कुणी आलं की धावून येते आणि चावते. माझ्या करंगळीवरचा हा व्रण तिचाच आहे. रक्त येतं, दोन दिवस ठणकतं, संपलं. माझी पंच्याहत्तर वर्षं याच पाण्यात गेली. मरळीनं माणूस मारल्याचं मी पाहिलं नाही, माझ्या बापानंही पाहिलं नाही.

तरी या तलावातल्या एकूण एक मरळीला माणूस मारल्याची शिक्षा झाली होती. तलावाच्या पाळीच्या, म्हणजे बांधाच्या, मधोमध तो खोलगट भाग दिसतो ना, जिथले दगड वेगळ्या रंगाचे आहेत, तिथं पाळ फोडली होती. पुढं बुजवली, पण दर पावसाळ्यात ती जागा खचते आणि आम्ही पुन्हा माती टाकतो. अशा फुटलेल्या जागेला खांड म्हणतात, म्हणून हा खांडतलाव. मी शालिक वलथरे, जातीनं ढिवर. आमच्या बारा घरांत ही गोष्ट जशी सांगतात तशी सांगतो.

फार जुनी गोष्ट. गोंडराजाच्या अमलात सोमाजी पाटलाच्या पूर्वजांनी हा तलाव बांधला. पाणी पाटलाचं, मासे पाटलाचे, आणि मासे धरणारे आम्ही. सोमाजीला एक मुलगा, बिसन, आणि त्याच्या पाठची एक मुलगी. बिसन दिसायला देखणा, पण त्याला फेफरं यायचं. बोलता बोलता डोळे फिरायचे, अंग ताठ व्हायचं, तोंडाला फेस यायचा. घरच्यांनी हे कुणाला कळू दिलं नाही; घाटावर वावरणाऱ्या ढिवरांना तेवढं ठाऊक होतं. वैशाखात त्याचं लग्न लावलं तेव्हा मुलीकडच्यांनाही सांगितलं नाही. मुलीचं नाव तुळसा. सोळा वर्षांची होती म्हणे.

श्रावण लागला. एका सकाळी बिसन एकटाच घाटावर आंघोळीला आला. पलीकडच्या काठाला सकवार शिंगाड्याचे वेल लावत होती. सकवार म्हणजे डोमा ढिवराची बायको. तिनं बिसनला कमरेइतक्या पाण्यात उभं असलेलं पाहिलं. त्याचा एक हात वर गेला आणि वरच राहिला. मान मागं वळली. मग तो आडवा झाला आणि खाली गेला. सकवारनं वेलांची टोपली टाकून पोहायला सुरुवात केली, पण तलावाची रुंदी तुम्ही पाहताच आहात. ती पोचली तेव्हा पाणी शांत होतं.

डोमा आणि बाकीचे ढिवर दिवसभर बुड्या मारत राहिले. बिसन सापडला दुसऱ्या दिवशी, कमळाच्या मुळांत. ओठ, कानाच्या पाळ्या आणि बोटांची टोकं माशांनी कुरतडली होती. मेलेलं माणूस पाण्यात राहिलं की असं होतंच. आम्हाला ते नवीन नाही. पण आईनं ते तोंड पाहिलं आणि पदरानं झाकलं. सोमाजी पाटील बराच वेळ मुलाकडे बघत राहिला. मग लोकांकडे वळून म्हणाला, "मरळीनं ओढून नेला माझ्या पोराले."

असं का म्हणाला? फेफरं म्हटलं असतं, तर तुळसाच्या बापाला फसवल्याचं उघड झालं असतं. आणि त्या घरात रक्ताची खोड आहे म्हणून बिसनच्या बहिणीची सोयरीकही मोडली असती. मरळ म्हटलं की कुणाचंच काही जात नव्हतं. मरळीचं जात होतं, पण तिला विचारतो कोण?

त्या रात्री डोमा बायकोला म्हणाला, "तू काई पाह्यलं नाई, सकवार."

"पाह्यलं. तुमालेबी मालूम हाये."

"बारा घरं हायेत आपली. त्याच्या पान्यावर जगतो."

सकवार गप्प राहिली. पंधरा दिवस राहिली. मग एकदा तुळसा, पांढरं लुगडं नेसलेली, धुणं घेऊन घाटावर आली. दोघीच होत्या. तुळसानं खालच्या आवाजात विचारलं, "मावशी, मासा जित्त्या मानसाचे ओठ खाते का?"

 एवढ्या गावात हा प्रश्न विचारायचं त्या पोरीलाच सुचलं होतं.

"नाई खात, बाई," सकवार म्हणाली. "पिल्लाजवळ गेलं तर बोटाले चावते, बस. तुझ्या नवऱ्याले फेफरं आलं. मी पाह्यलं. लहानपनापासून येत होतं त्याले."

तुळसानं धुणं पुरं केलं, घरी गेली, आणि सासऱ्यापुढं उभी राहून एवढंच म्हणाली, "मले आधी सांगितलं असतं, तर मी त्याइले एकटं जाऊ देलं नसतं."

त्यात ना राग होता ना आरोप. पण सोमाजीला ते सहन झालं नाही. सासूनं तिला कोठीच्या खोलीत कोंडलं. तिला हे सकवारनंच सांगितलं, हे कळायला वेळ लागला नाही. आपण मरळीवर ठेवलेला आळ लोकांनी पुरता खरा मानायला हवा, तर मरळीला शिक्षाही पुरती व्हायला हवी, असं पाटलाला वाटलं असावं. चैतात पाणी उतरलं, तेव्हा त्यानं हुकूम दिला. पाळ फोडा, तलाव रिकामा करा, एकही मरळ जिवंत ठेवू नका. आणि हे काम डोमानं करायचं.

सकवारनं डोमाच्या हातातला कोयता धरला. म्हणाली, "आपन मासे खातो ते भूक लागली म्हनून. खोट्यापायी कधी मारले नाई."

डोमानं कोयता सोडवून घेतला. पाळ फुटली. दोन दिवस पाणी वाहत राहिलं, खालची शेतं चिखलानं भरली. मग तळाला मरळी दिसायला लागल्या, हाताएवढ्या, मांडीएवढ्या, चिखलात तोंडं वर करून श्वास घेणाऱ्या. ढिवरांनी त्या मारल्या. पाटलानं प्रत्येकीचं पोट फाडायला लावलं, गावासमक्ष. बेडूक निघाले, गोगलगायी निघाल्या, लहान मासे निघाले. माणसाचा एक केससुद्धा निघाला नाही. सगळ्यांनी पाहिलं. पाटलानंही पाहिलं.  ऊन चढलं, वास सुटला, लोक घरी गेले.

सकवार त्याच दिवशी घर सोडून गेली. नाल्यापलीकडे टेकडीच्या पायथ्याला झरा आहे, तिथं तिनं झोपडी घातली. या तलावाचं पाणी तिनं पुन्हा तोंडाला लावलं नाही. डोमानं तिला थांबवलं नाही. थांबवायला तोंड कुठलं होतं?

पाळ बुजवली. पावसाळ्यात तलाव भरला. लोक खूश होते, लहान मुलं निर्धास्त पोहत होती, बाया कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून घागरी भरत होत्या. चावायला काहीच उरलं नव्हतं. उन्हाळ्यात एक परगावचा गाडीवान मुक्कामाला थांबला. त्याच्या पायाला चिंधी बांधलेली होती. त्यानं घाटावर बसून पाय पाण्यात सोडला, थंड वाटलं म्हणून, आणि सकाळी निघून गेला. असं सांगतात, तोच रोग आणणारा. पाण्यातले बारीक किडे मासे खातात, मासेच नाहीत म्हटल्यावर ते वाढले, आणि त्यांच्यातून रोगाचं बी लोकांच्या पोटात गेलं. हे आमचे म्हातारे सांगायचे. पुढं एक डॉक्टर आले होते, तेही तसंच काही म्हणाले.

वर्षानं नारू निघाला. तुम्ही नारू पाहिला नसेल. आधी पायाला फोड येतो, आग होते. फोड फुटतो आणि पांढरा दोरा बाहेर डोकावतो. तो जिवंत असतो. काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायचा, महिनाभर. घाई केली आणि तुटला तर पाय सडतो. भाताच्या रोवणीचे दिवस, आणि गावात शेताच्या बांधीत उभं राहायला पाय नाहीत. कुणाला एक, कुणाला चार. पाटलाला तीन निघाले.

डोमाचा तुटला. मांडीपर्यंत सूज चढली. कुणीतरी सकवारला जाऊन सांगितलं, तेव्हा ती आली. झऱ्याचं पाणी घेऊन आली आणि आठ दिवस त्याच्या उशाशी बसली. शेवटी शेवटी तो शुद्धीत आला आणि म्हणाला, "मरळ चावली असती त बोटावर गेलं असतं."

तिनं झऱ्याच्या पाण्याचा तांब्या उचलला. त्याच्या तोंडात पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी तो गेला.

मग सोमाजी पाटील काठी टेकत नाल्यापलीकडे गेला. ज्या माणसापुढं ढिवर डोकं वर करत नसत, तो ढिवरणीच्या झोपडीसमोर उभा राहिला. म्हणाला, "सकवार, तलावात मासे सोड. तुलेच जमते ते."

"सोडीन," ती म्हणाली. "पन आधी पान्यात उभं राहून गावाले सांगा, बिसन कशानं मेला ते."

"माही पोरगी अजून घरात हाये."

"तुळसाबी कोनाची तरी पोरगीच हाये, पाटील."

पाटील परत गेला. पण पाय दुखत होता, गाव कण्हत होतं. श्रावणातल्या एका सकाळी त्यानं गावाला घाटावर बोलावलं. सकवार डोंगरापलीकडच्या डोहातून मरळीच्या पाच जोड्या घेऊन आली होती, ओल्या गवतात गुंडाळून, टोपलीत, डोक्यावर. पाटील गुडघाभर पाण्यात उतरला आणि म्हणाला, "माशांचा दोष नव्हता."

लोक पुढचं ऐकायला थांबले. सकवार थांबली. टोपलीतल्या मरळी हलत होत्या. पाटलाचे ओठ हलले, आवाज आला नाही. बायकांच्या गर्दीत त्याची मुलगी उभी होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि पाण्यातून बाहेर आला.

सकवारला परत फिरता आलं असतं. पण घाटावर पायांना चिंध्या बांधलेली लहान मुलं बसली होती. तिनं मासे सोडले आणि कुणाशी न बोलता निघून गेली.

वाईट गोष्ट त्यानंतर घडली. माशांचा दोष नव्हता, मग कुणाचा? हे विचारल्यावाचून गाव राहील कसं? कुणी म्हातारी म्हणाली, पोरगीच पांढऱ्या पायाची, येऊन चार महिने झाले नाहीत तर नवरा गिळला. संध्याकाळपर्यंत गावभर तेच झालं. नारूसुद्धा तिच्याच पायगुणानं आला, असं ठरलं. सोमाजीच्या कानावर हे गेलं. एक शब्द बोलला असता तर थांबलं असतं. तो बोलला नाही. तुळसाला नेसत्या लुगड्यानिशी बाहेर काढलं. बाप न्यायला आला नाही. ती चालत चालत नाला ओलांडून झऱ्यापाशी आली.

सकवारनं तिला आत घेतलं. म्हणाली, "खरं मी बोलली, भोगते तू."

तुळसा म्हणाली, "इचारलं त मीच होतं, मावशी."

दोघी तिथंच राहिल्या. पाटलाच्या मुलीचं लग्न थाटात झालं, पुढं पाटिलकी भावकीत गेली. हळूहळू नारू गेला. सकवार म्हातारी होऊन मेली, तुळसा त्याहून पुष्कळ वर्षं जगली. घरातून काढलेल्या आणखी बाया येत गेल्या. तिथं वस्ती झाली, तोच हा तुळसाटोला.

आजही श्रावणात एका सकाळी पाटलाच्या घरातला वडीलधारा माणूस गुडघाभर पाण्यात उभा राहतो. गाव घाटावर जमतं, आणि समोरच्या काठाला टोल्यावरच्या बाया येतात. वाजंत्री नसते, नारळ फुटत नाही. तो म्हणतो, "माशांचा दोष नव्हता." मग थांबतो. सगळे थांबतात. शंभर आकडे मोजून होतील एवढा वेळ कुणी खोकत नाही. मग तो बाहेर येतो, मरळीच्या जोड्या सोडतात, आणि टोल्यावरच्या बाया तलावाच्या पाण्याला हात न लावता परत जातात.

पुढचं वाक्य काय आहे ते घाटावरच्या प्रत्येकाला ठाऊक असतं. हल्लीचे पाटील शहरात प्राध्यापक आहेत, मोठे भले गृहस्थ. गेल्या वर्षी ते पाय पुसत होते, तेव्हा मी धीर करून म्हटलं, "साहेब, पुढचं बोलून टाका न. आता कोनाची सोयरीक अडते?"

 ते चपला घालता घालता म्हणाले, "काका, रीत एवढीच आहे."