कोळिणीच्या बिळातली बेडकी

भर दुपारीही जिथे अंधारून आल्यासारखं वाटे, असं एक पावसाळी जंगल होतं. तिथे कुजक्या पानांखाली बीळ करून एक मोठी, केसाळ कोळीण राहायची. ती जाळं विणत नसे. बिळाच्या तोंडाशी दबा धरून बसे आणि येणारे-जाणारे किडे पकडून खाई. तिच्याच बिळात एक इवलीशी बेडकीही राहायची. दोघींचं कधी वाजलं नव्हतं.

एकदा कोळिणीने अंडी घातली. रेशमाची पिशवी विणून तिने ती आत जपून ठेवली. मग खाणंपिणं विसरून ती त्या पिशवीला कवटाळून बसू लागली.

एक सरडा बिळापाशी थबकला. म्हणाला, "तू इथे पिल्लांसाठी उपाशी बसलीस आणि ही बेडकी आयत्या घरात लोळतेय. हिचा तुला काय उपयोग?"

ते बोलणं कोळिणीच्या मनात सलत राहिलं. शेवटी ती बेडकीला म्हणाली, "तू आता दुसरीकडे जागा बघ."

"माझं काही चुकलं का, ताई?"

"चुकलं नाही गं. पण तुझा काही उपयोगही नाही."

भर पावसात बेडकी निघून गेली.

थोड्याच दिवसांत बिळात मुंग्या शिरल्या. भल्याथोरल्या टोळाला लोळवणारी कोळीण त्यांच्यापुढे हतबल झाली. एक चिरडावी, तर दहा पायांवर चढत. पिशवी तोंडात धरून ती बाहेर पळाली आणि एका पानाआड थांबून तिने ती उघडली. आत मुंग्याच होत्या. एकही अंडं उरलं नव्हतं.

रिकामी पिशवी तिला टाकवेना. ती घेऊनच भटकत भटकत ती दुसऱ्या एका कोळिणीच्या बिळापाशी आली. दाराशी तीच बेडकी बसली होती. आत शिरू पाहणारी एकेक मुंगी ती जिभेने टिपून खात होती. आत त्या कोळिणीची अंडी सुखरूप होती.

कोळीण जागच्या जागी थिजली.

बेडकीने तिला पाहिलं आणि आनंदाने उडी मारली. "ताई! पिल्लं आली का गं?"

बेडकीला दिसू नये म्हणून कोळिणीने ती पिशवी पोटाखाली ओढून घेतली.

"यायचीत अजून," ती म्हणाली आणि पाठ फिरवून निघून गेली.

तात्पर्य: सोबतच्या माणसाचा उपयोग काय, असं विचारण्याआधी तो नसला तर काय होईल, हे स्वतःला विचारावं.