तामकड्याची सोन्याची शीर

येत्या पौर्णिमेच्या आत हिंगणवाडीनं घरं मोकळी करावीत, गावाखाली सोनं आहे, अशी दवंडी पिटली गेली तेव्हा गावात कुणालाच आनंद झाला नाही. राजाच्या सोन्याची कथा त्या मुलखात सगळ्यांना ठाऊक होती.

राजा रणधवलाच्या आजोबांना तामकड्याच्या ओढ्यात हरभऱ्याएवढं सोनं सापडलं होतं. त्या हरभऱ्यापायी त्यांनी अर्धा डोंगर पोखरला. उरलेला अर्धा त्यांच्या मुलानं पोखरला. खाणीला पाणी लागलं, पाणी उपसायला रेडे आले, आणि रेड्यांच्या वैरणीसाठी आसपासची कुरणं गेली. सोनं मात्र हरभऱ्याएवढंच राहिलं. मग रणधवल गादीवर बसला. "आमच्या घराण्यात हाती घेतलेलं काम कुणी सोडत नाही," असं तो म्हणायचा आणि दरबार माना डोलवायचा.

एके दिवशी दूर देशाहून रत्नाकरशास्त्री नावाचे भूगर्भाचे जाणकार आले. काठी वाकेल तिथं सोनं, असं सांगत उंबराची दुबेळकी काठी दोन्ही हातांत धरून ते डोंगरावर हिंडले आणि राजाला म्हणाले, "वाडवडिलांनी खोदलं ते योग्यच, महाराज. पण सोन्याची शीर जरा सरकलीय. ती आता हिंगणवाडीच्या खाली गेलीय." वाडवडील योग्य होते हे ऐकून राजा इतका खूश झाला की त्यानं शास्त्रीबुवांना राजवाड्यासमोर नवीकोरी माडी बांधून दिली.

दवंडीपाठोपाठ शास्त्रीबुवांची माणसं गावात खुंट्या ठोकायला आली. राही कुंभारीण अंगणात मडकी वाळत घालत होती. एकानं सरळ मडक्यातूनच खुंटी ठोकली.

"बाजूला जागा नव्हती का रे?" राहीनं विचारलं.

"शीर इथूनच जाते, बाई."

"दिसली तुला?"

"शास्त्रीबुवांना दिसते."

राहीनं खापरं गोळा केली, पदर खोचला आणि गावकऱ्यांबरोबर दरबार गाठला.

पाटलांनी हात जोडले. "महाराज, आमच्या विहिरी तिथं, शेतं तिथं, बापजाद्यांच्या समाध्या तिथं. आमच्या जमिनीत सोनं नाही हो."

"नाही? मग सिद्ध करा," राजा म्हणाला. "गावाखाली सोनं नाही हे दाखवून द्या, गाव तुमचा. पण तिथं एक कुदळही मारायची नाही. जमीन आता आमची आहे."

पाटील गावकऱ्यांकडे बघू लागले. न खोदता जमिनीच्या पोटात काय नाही ते दाखवायचं कसं? दरबारी मिशीतल्या मिशीत हसले.

"दाखवू, महाराज," मागून राही म्हणाली. "पौर्णिमेपर्यंत मुदत आहे ना?"

परतीच्या वाटेवर पाटील तिच्यावर उखडले. "अगं, काय दाखवणार आहेस तू?"

"अजून ठरलं नाही. पण आपण गप्प बसलो असतो तर गाव आजच हातचा गेला असता."

दुसऱ्या दिवसापासून राही शेवग्याची दुबेळकी काठी धरून हिंडायला लागली. आधी गावातून, मग नदीच्या उतारातून, मग थेट राजधानीच्या रस्त्यानं. लोक हसले. सासूनं तर तिची दृष्टसुद्धा काढली. राहीनं कुणाला काही सांगितलं नाही.

पौर्णिमेच्या सकाळी ती दरबारात उभी राहिली.

"काय, सोनं नाही हे सिद्ध झालं?" राजानं विचारलं.

"नाही महाराज. उलटंच झालं. शास्त्रीबुवा म्हणतात ते खरं आहे. शीर आमच्या गावाखालून जाते."

पाटलांनी कपाळावर हात मारला. शास्त्रीबुवा प्रसन्न हसले.

"पण ती तिथं थांबत नाही," राही पुढं म्हणाली. "नदीखालून येते, वेशीखालून शहरात शिरते आणि महाराजांच्या सिंहासनाखाली येऊन चांगली गाड्याएवढी रुंद होते. आमच्या गावात नुसती दोऱ्याएवढी आहे. खोदायचं तर इथंच खोदा."

राजानं नकळत पाय वर घेतले.

"थापा आहेत, महाराज," शास्त्रीबुवा कडाडले. "हिला काय कळतं?"

"माझी काठी इथं वाकली," राही म्हणाली.

"तूच वाकवली असशील."

"मीच वाकवली. तुमची कोण वाकवतं, शास्त्रीबुवा?"

मागच्या बाजूला कुणीतरी खुदकन हसलं. शास्त्रीबुवा लाल झाले. "राजवाड्याखाली सोनं नाही. मी शपथेवर सांगतो."

"खोदून पाहिलंत?"

"खोदायची गरजच काय?"

"मग एवढं करा," राही शांतपणे म्हणाली. "राजवाड्याखाली सोनं नाही हे एक कुदळही न मारता महाराजांना सिद्ध करून दाखवा. तुम्ही जसं दाखवाल तसंच मी हिंगणवाडीचं दाखवते. एका शब्दाचाही फरक नाही."

शास्त्रीबुवा हातातली काठी उगाच पुसू लागले.

राजा हनुवटी चोळत बसला. एकदा पायाखालच्या फरशीकडे आणि एकदा शास्त्रीबुवांकडे बघून तो म्हणाला, "शास्त्रीबुवा, शीर वेशीकडून इकडे येते म्हणजे वाटेत तुमची माडी लागते. सुरुवात तिथून करू. काय म्हणता?"

शास्त्रीबुवांनी घाईघाईनं डोळे मिटले, काठी पुढं धरली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "महाराज... शीर आत्ताच वळली."

राजा आधी गुरकावला, मग त्याला जे हसू फुटलं ते आवरेना. पोट धरून तो सिंहासनावर आडवा झाला. दरबारही हसला, महाराज हसल्यावर हसायला परवानगी लागत नाही.

डोळे पुसत राजानं हुकूम दिला. हिंगणवाडीच्या जमिनीला सरकारी कुदळ लागणार नाही. शास्त्रीबुवांनी आपली काठी घेऊन राज्याच्या सीमेपलीकडे शीर शोधावी. आणि त्यांची रिकामी झालेली माडी राही कुंभारणीला.

"माडी काय करू, महाराज?" राही म्हणाली. "पण विटा चांगल्या आहेत. तेवढ्या नेते. गावात नवी भट्टी घालीन."

"ने," राजा म्हणाला, आणि त्याला पुन्हा हसू आलं.