दुसरा बुडबुडा

एका गावात दुर्बिणी करणारा एक कारागीर राहत होता. आकाशातल्या चांदण्या बघायच्या दुर्बिणी नव्हेत, माणसाच्या घशातून पोटात उतरवायच्या. करंगळीएवढी जाड, लवचीक नळी. तिच्या टोकाला भिंग आणि भिंगाशेजारी मोहरीएवढा दिवा. पोटाच्या आत काय झाले आहे ते डॉक्टरांना बाहेर पडद्यावर दिसायचे.

कारागिराचे नाव निवृत्ती. वडील तांबट होते, त्यामुळे बारीक कामाचा हात त्याला घरातूनच मिळाला होता. मोठी बहीण गोदाक्का त्याच्याबरोबर काम करायची. टोक तो घडवायचा. काचेभोवतीची फट चिकट, वाळून घट्ट होणारे लुकण भरून ती बंद करायची. हे काम जोखमीचे होते. फट राहिली तर एका रोग्याच्या पोटातली घाण तिच्यात शिरते, धुऊन निघत नाही, आणि पुढच्या रोग्याच्या पोटात जाते.

म्हणून प्रत्येक दुर्बिणीची पाण्यात परीक्षा व्हायची. नळीत हवा भरायची आणि टोक वडिलांच्या तांब्याच्या घंगाळात बुडवायचे. आतून बुडबुडा आला की फट आहे असे समजायचे. पण पाण्यात जाताना टोकाला बाहेरची हवाही चिकटते. म्हणून त्या घरात रीत होती: पहिला बुडबुडा अंगठ्याने पुसायचा, तो मोजायचा नाही. मग दुसऱ्याची वाट बघत बसायचे. गोदाक्का तेवढ्यात सूपभर शेंगा सोलून काढायची.

एक दिवस दवाखान्यातले डॉक्टर परचुरे आले.

"निवृत्ती, हा दिवा आहे की उदबत्ती?" ते म्हणाले. "परवा एकाच्या पोटात जखम होती. मला अंधारात दिसलीच नाही. तो गेला."

निवृत्तीच्या मनाला ते लागले. तो उजेड वाढवायच्या मागे लागला. पण टोकावर जागा ती केवढी? दिवा मोठा केला, त्याची काच मोठी झाली, आणि लुकणासाठी दोऱ्याएवढी कड उरली.

"यात मी काय भरू?" गोदाक्का म्हणाली. "शेवईसुद्धा बसायची नाही."

"बसव गं. उजेड तर बघ."

उजेड खरेच लख्ख होता. तळहाताची रेष न् रेष दिसत होती. गोदाक्काने श्वास रोखून लुकण भरले. दुर्बीण घंगाळात बुडवली, दुसरा बुडबुडा आला नाही.

"आता दिवा लावून बुडव," ती म्हणाली. "पोटात काय दिवा विझवून जाणार आहे का ती? एवढा दिवा तापणार. तापला की लुकण सुटतं."

दिवा लावून परीक्षा त्या घरात कधी झाली नव्हती. जुना दिवा तापतच नसे. निवृत्ती म्हणाला, "करतो. तू पड जरा." गोदाक्काचे पोट काही दिवसांपासून दुखत होते. ती आत जाऊन आडवी झाली.

निवृत्तीने दिवा लावून टोक बुडवले. थोड्या वेळाने काचेच्या कडेला एक बुडबुडा धरला. निवृत्तीने तो अंगठ्याने पुसला. आता दुसऱ्याची वाट बघायची होती. बाहेर दवाखान्याचा माणूस दुर्बीण न्यायला येऊन उभा होता. नवा उजेड बघायला गावातली मोठी माणसे दवाखान्यात जमली होती.

निवृत्तीने टोक पाण्याबाहेर काढले आणि पुसून कोरडे केले.

"दुसरा आला का रे?" गोदाक्काने आतून विचारले.

"नाही आला," तो म्हणाला. ते खोटे नव्हते. त्याने तो येऊ दिला नव्हता.

डॉक्टरांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. लोकांनी हार घातला. पुढे मात्र गावात वेगळेच सुरू झाले. पोटदुखी घेऊन दवाखान्यात गेलेली माणसे ताप घेऊन परतू लागली. भाजी विकणारी बायजा त्या तापातच गेली. तिची मुलगी दुसऱ्या दिवशी एकटीच पाटी घेऊन बाजारात बसली. डॉक्टरांना पाण्याचा संशय आला. गावाने विहीर उपसली. निवृत्तीही दोरीला हात लावायला गेला. सगळ्यांबरोबर त्याने गाळ काढला, पण तोंड उघडले नाही.

मग गोदाक्काचे दुखणे वाढले. निवृत्ती तिला दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी खुंटीवरची नवी दुर्बीण हातात घेतली.

"हिला जुनी वापरा," निवृत्ती म्हणाला.

"जुनीत काय दिसणार? कपाळ?"

"तरी जुनीच वापरा."

टेबलावर पडलेल्या गोदाक्काने मान वळवून भावाकडे पाहिले.

"दुसरा आला होता का, निवृत्ती?"

"मी थांबलो नाही, आक्का."

"मला वाचवायला तू आलास," ती म्हणाली. "बायजाबरोबर कोण होतं?"

निवृत्तीने डॉक्टरांना त्या बुडबुड्याचे सांगितले. डॉक्टरांनी तिथेच तसराळ्यात पाणी घेतले, नळीत हवा भरली, दिवा लावला आणि टोक बुडवले. थोड्या वेळाने बुडबुड्यांची माळ वर आली. त्यांनी चिमट्याने काच उचकटली. काचेमागे काळी, बुळबुळीत घाण साचली होती. डॉक्टर उठून हात धुऊ लागले. पुष्कळ वेळ धूतच राहिले.

जुनी दुर्बीण गोदाक्काच्या पोटात गेली. तिच्या मिणमिणत्या उजेडात काही कळले नाही.

निवृत्तीने घरी येऊन नवे टोक घडवायला घेतले. उजेड पसरावा म्हणून काच मोठी न करता तिची कड तिरकी घासली. दिव्याची ऊब काचेकडे न येता धातूत उतरावी म्हणून दिवा मागे बसवला. लुकणाला पुरती जागा ठेवली. गोदाक्का भिंतीला टेकून बसली आणि तिने फट भरली. हे सगळे आधीही करता आले असते. थोडे दिवस जास्त लागले असते, एवढेच.

दिवा लावून टोक बुडवले. पहिला बुडबुडा पुसला. दोघे बसून राहिले. दुसरा आला नाही.

त्या दुर्बिणीतून गोदाक्काच्या पोटातली जखम स्वच्छ दिसली. डॉक्टरांनी पडदा हळूच दुसरीकडे वळवला. निवृत्तीने विचारले तेव्हा ते म्हणाले, "उजेड चांगला आहे. उशिरा आला."

गोदाक्का पावसाळ्याआधी गेली. गावात आजही तशाच दुर्बिणी वापरतात आणि त्यांच्यामुळे कुणाला ताप येत नाही. निवृत्ती प्रत्येक दुर्बीण दिवा लावून घंगाळात बुडवतो आणि पाण्यावर नजर लावून बसतो. शेजारी सूप रिकामे असते.

तात्पर्य: जी वस्तू आपल्या माणसासाठी वापरायला आपण धजत नाही, ती परक्याच्या माणसासाठी देऊ नये. दोष दिसेल या भीतीने नजर काढून घेणे, हे दोष लपवण्याइतकेच वाईट.