अस्सल रबराची बाजू

कोल्हापुरात बाबालाल मिस्त्रींनी देसाई वकिलांची एकोणीसशे अडतीस सालची मोटार दोन वर्षं खपून उभी केली. तिच्या दारांची रबरं कुठेच मिळेनात. मग मिस्त्रींनी जुन्या रबराचा तुकडा कापून साचा केला आणि कारखान्यातून हुबेहूब नवी पट्टी काढून घेतली.

जुन्या मोटारींच्या मिरवणुकीला परीक्षक होते रणनवरे साहेब. अंगात पांढरा शुभ्र कोट, हातात भिंग. दाराची पट्टी बोटाने दाबून ते म्हणाले, "ही नक्कल आहे. अस्सल रबर लावा, नाहीतर गाडी बाद."

वकिलांचा चेहरा उतरला.

"अस्सल आहे की, साहेब. जपून ठेवलंय," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी पोत्यातून जुनी पट्टी काढली. ती वाळून जागोजागी तडकली होती. ती त्यांनी डाव्या दाराला बसवली. उजव्या दाराला स्वतःची नवी तशीच ठेवली. मग गाडी धुवायचा पाइप हातात घेऊन नळ सोडला.

"रबराचं काम पाणी अडवायचं, साहेब. डावीकडे अस्सल, उजवीकडे नक्कल. तुम्ही आत बसा, मी दोन्ही दारांवर सारखंच पाणी मारतो. कुठं बसता?"

साहेब डाव्या दारापाशी गेले. पट्टीच्या फटीतून पलीकडचा उजेड दिसत होता. त्यांनी एकदा फटीकडे पाहिलं, एकदा आपल्या कोटाकडे.

"मी उजवीकडे बसतो," ते म्हणाले.

मिस्त्रींनी नळ बंद केला.

"मग निकाल झाला की. पाणी कशाला वाया घालवू?"