शेवटून पहिला

एकदा एका टेकडीवरच्या आश्रमात एक वृद्ध गुरुजी राहत असत. दरवर्षी सुगी संपली की ते गावासाठी धावण्याची शर्यत ठेवीत. आश्रमापासून तळ्यापर्यंत जायचे आणि परत यायचे. पहिल्याला भगवा शेला मिळे. शेवटच्याच्या गळ्यात मात्र गावकरी कांद्यांची माळ घालत आणि पोट धरून हसत. त्यामुळे धावणारे नऊ आणि हसणारे चारशे, असा हिशेब ठरलेला.

गुरुजींचा पट्टशिष्य सलग तीन वर्षे जिंकला होता. चौथा शेला त्याने मनातल्या मनात खांद्यावर टाकूनही पाहिला होता. तेवढ्यात गुरुजींनी त्याला बोलावून सांगितले, "यंदा तू शेवटी यायचंस. तुझ्यामागे एकही माणूस राहता कामा नये." वर गावात तशी दवंडीही पिटवली.

शर्यतीला त्रेचाळीस जण उभे राहिले. त्यात काठी टेकणारी सुईण होती आणि धोतराचा काचा मारलेला एक लठ्ठ कापडव्यापारीही होता.

व्यापारी सर्वांच्या मागे पडला. त्यात वांग्याच्या मळ्यापाशी त्याला व्याही भेटले. त्याने घरच्या सगळ्यांची, शेवटी गाभण म्हशीचीही खुशाली विचारली. शिष्य मागे उभा राहून पाय आपटत होता.

"तुम्ही व्हा की पुढं," व्यापारी संकोचून म्हणाला.

"शेठ, पाया पडतो, पण हला."

अखेर व्यापारी हातभर आधी पोहोचला आणि तीन वर्षांच्या विजेत्याला हरवल्याचे बायकोला ओरडून सांगू लागला. माळ शिष्याच्या गळ्यात पडली. गाव मनसोक्त हसले.

फुरंगटलेल्या शिष्याने विचारले, "गुरुजी, माझा काय अपराध झाला?"

गुरुजी म्हणाले, "अरे, शेवटी येण्याच्या भीतीनं सगळं गाव कडेला उभं राहत होतं. ती जागा कोणीतरी घ्यायला हवी होती. शेठ शेवटी आले असते, तर पुन्हा पळायला घराबाहेर पडले नसते. तू वेगवान आहेस हे सगळ्यांना ठाऊक आहे. मागं राहणं तुलाच परवडतं."



दुसऱ्या दिवशी सकाळी व्यापारी व्याह्यांना घेऊन आश्रमाच्या दारात हजर झाला. व्याह्यांनाही पळायचे होते. पण गुडघा कुरकुरत होता, म्हणून ते लाजत होते. शिष्याने एक सुस्कारा सोडला, कंबर कसली, दोघांनाही पुढे जाऊ दिले आणि मग स्वतः निघाला.