भिंतीवरचं अंजीर

भाविकहो, त्या वर्षी सोपानगीर महाराजांचा मुक्काम भिवरवाडीच्या मारुतीच्या देवळात होता. महाराज गावात आले की कोंडाबाईचे पाय जमिनीवर ठरत नसत. पहाटे उठून देवळात सडा घालायचा आणि मगच घरच्या कामाला हात लावायचा, हा तिचा नेम.

घर केवढंसं, परस तर त्याहून चिंचोळं. भांडी घासायला बसलं की पाठ शेजारच्या इनामदारांच्या भिंतीला लागे. पण हौसेला मोल नाही! तेवढ्या जागेत बाईने अंजीर लावलं. पसरायला वाव नाही, म्हणून भिंतीला कामट्यांची ताटी उभी केली. फांद्या कोवळ्या असतानाच जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी दोन्ही बाजूंना आडव्या बांधत गेली. अंगावर येणारी फांदी छाटायची, आडवी जाणारी राखायची. झाड भिंतीला बिलगून वाढलं आणि दरसाल भरभरून धरू लागलं.

इनामदारीण म्हाळसाबाईंना ते बघवत नसे. "कोंडे, हे झाड आहे की वाळत घातलेलं लुगडं?" असं त्या भिंतीवरून विचारत. कोंडाबाई हसून सोडून देई.

तर झालं असं, की पावसाळा सरला आणि कोंडाबाईने नेहमीसारखी छाटणी केली. झाडावर पान म्हणून ठेवलं नाही. नेमकी त्याच आठवड्यात तिची पहिलटकरीण लेक सगुणा माहेरी आली. सातवा महिना, आणि पोटात अन्नाचा कण ठरेना. पोरगी सुकून गेली होती. "आई, आपलं अंजीर दे गं," एवढं एकच तिचं मागणं. कोंडाबाईला रडू कोसळलं. पोरीचे डोहाळे आपल्याच हाताने कोयतीखाली घातले, असं तिला झालं.

मान खाली घालून ती म्हाळसाबाईंच्या दारात गेली. त्यांचं अंजीर फळांनी लगडलेलं होतं.

"बाईसाहेब, पाच फळं द्या. उद्या पोरीची ओटी भरायची आहे."

"आमचं एक फळ भिंतीपलीकडे जायचं नाही," म्हाळसाबाई म्हणाल्या. "तुझे महाराज आहेत ना गावात? त्यांनाच सांग, त्या काटक्यांना फळं आणा म्हणावं."

बोल जिव्हारी लागला. कोंडाबाईने तडक देऊळ गाठलं आणि महाराजांचे पाय धरले. सगळं ऐकून महाराज म्हणाले, "उद्या ओटी भर. आम्ही जेवायला येतो."

"पण महाराज, फळं?"

"ती झाडाची काळजी. तू स्वयंपाकाचं बघ."

दुसऱ्या दिवशी सगुणा हिरवं लुगडं नेसून पाटावर बसली. आयाबाया जमल्या. महाराज परसात गेले आणि गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा त्या उघड्या फांद्यांवरून हात फिरवत म्हणाले, "माये, लेक उपाशी आहे. ऊठ."

काय सांगावं! बघता बघता फांद्यांना कोंब फुटले, पानं उलगडली, भिंत हिरवीगार झाली. पण फळ एकही नाही. एक फांदी तेवढी सरसर वर चढली आणि भिंत ओलांडून पलीकडे उतरली. कोंडाबाईचं तोंड उतरलं.

"महाराज, ही तर तिकडे गेली."

महाराज खळखळून हसले. "जाऊ दे. तू आणखी एक पाट मांड."

पलीकडे म्हाळसाबाई भिंतीला कान लावून उभ्या होत्या. त्यांच्या तोंडासमोर ती फांदी लवली आणि तिच्यावर पाच अंजिरं धरली, फुगली, पिकून मधाने ओथंबली. आधी त्या घाबरल्या. मग पदर आपोआप पुढे झाला आणि फळं पदरात आली. आपण नाही म्हटलं, आणि हे झाड न मागता आपल्यालाच देतंय! काल बोललेल्या शब्दांच्या लाजेने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

इनामदारीण अनवाणी कोंडाबाईच्या दारात आली. तिने पाचही फळं सगुणेच्या ओटीत घातली. सगुणेने एक खाल्लं, दुसरं खाल्लं. सगळ्या श्वास रोखून बघत होत्या. पोटात ठरलं! आणि पोरगी म्हणाली, "आई, आता भात वाढ."

म्हाळसाबाई महाराजांच्या पायांशी वाकू लागल्या, तसे महाराज मागे सरले.

"आमचं राहू द्या. हे झाड कुणी वाढवलं?"

म्हाळसाबाई वळल्या. साऱ्या गावादेखत त्यांनी कोंडाबाईच्या पायांवर डोकं ठेवलं. कोंडाबाईने त्यांना उठवून पोटाशी धरलं आणि हाताला धरून सगुणेशेजारच्या पाटावर जेवायला बसवलं.