फरशीवरचा डाग

शनिवार, १४ मार्च. आकाश निरभ्र. सकाळपासूनच कोरडे, टोचरे ऊन.

त्या दिवशी डोंगराखालच्या एका गावात विसूभाऊ आपल्या मोटारसायकलचे पुढचे शॉकअप उघडून अंगणात बसले होते. ते जनावरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक होते. बैलाचे औषध असो की वासराचे, त्यांच्या हातून थेंबभर कमीजास्त होत नसे. या अचूकपणासाठी गावात त्यांचे नाव होते, आणि हे त्यांनाही ठाऊक होते.

त्यांच्या बायकोची, अनसूयाबाईंची, आई बत्तीस किलोमीटरवरच्या गावी अंथरुणाला खिळली होती. "अनूला बोलवा," एवढेच ती म्हणत होती. पूल दुरुस्तीला काढल्यामुळे एसटी बंद होती. दुचाकी तेवढी बंधाऱ्यावरून पलीकडे जात असे. पण पुढचा रस्ता खड्ड्यांचा, आणि गाडीचे शॉकअप लहानशा खड्ड्यातही खाडकन आपटायचे.

"आतलं ऑइल जुनं झालंय, दुसरं काय!" विसूभाऊ म्हणाले. "ते बदलतो, मग निघू."

त्यांनी इंजिनाखाली ओंडका लावून पुढचे चाक उचलले. शॉकअपच्या दोन्ही नळ्यांच्या तळाचे स्क्रू काढले. काळे ऑइल दोन वेगळ्या वाडग्यांत घेतले आणि गुरांच्या मोठ्या सिरिंजने मोजले. उजव्या नळीतून दीडशे मिली निघाले, डाव्या नळीतून सत्तर. आकडे त्यांनी वहीत लिहिले.

अनसूयाबाई पिशवी भरून उंबऱ्यात उभ्या होत्या.

"अहो, डावीतून कमीच निघणार. ती गळते. रोज सकाळी फरशीवरचा डाग मीच पुसते."

"बनवणाऱ्यानंच तिकडे कमी ठेवलं असेल," विसूभाऊ म्हणाले. "जेवढं निघालं तेवढंच भरायचं. मोजूनमापून केलेल्या कामात चूक कशी होईल?"

"उरलं ते मोजलंत. गळून गेलं ते कुठं मोजलंत?"

विसूभाऊ हसले. "तीस वर्षं मी औषधं मोजतोय, आणि तू फडकं मारून मला शिकवणार?"

"बरं. पण आवरा लवकर. आई थांबलीय."

विसूभाऊंनी उजव्या नळीत दीडशे मिली नवे ऑइल भरले, डाव्या नळीत सत्तर. बुचे घट्ट केली. हँडलवर भार देऊन पाहिला, तेव्हा पुढची बाजू जरा जास्तच खाली गेली. "नवं आहे, बसेल हळूहळू," ते म्हणाले. बारा वाजता दोघे निघाले.

एकविसाव्या किलोमीटरला उतारावर मोठा खड्डा आला. विसूभाऊंनी ब्रेक दाबला. गाडीचे तोंड एकदम तळाला टेकले, हँडल हातात पिळवटले आणि दोघेही रस्त्याकडेला फेकले गेले. विसूभाऊंना खरचटले. अनसूयाबाईंचे मांडीचे हाड मोडले.

तालुक्याच्या दवाखान्यात त्यांचा पाय वजनाला बांधून ठेवला. छताकडे पाहत त्या म्हणाल्या, "आता तरी नीट मोजा. अकरा किलोमीटर राहिलं होतं."



रविवारी सकाळी सव्वासहा वाजता आई गेली. अग्नी द्यायच्या वेळी विसूभाऊ एकटेच पोहोचले.

सोमवारी ते घरी आले. शेजाऱ्यांनी गाडी टेम्पोतून आणून अंगणात उभी केली होती. डाव्या नळीखाली फरशीवर नवा डाग पडला होता. तो पुसायला विसूभाऊ फडके शोधू लागले. ते घरात कुठे ठेवलेले असते, हे त्यांना ठाऊक नव्हते.

तात्पर्य: उरलेले कितीही अचूक मोजले तरी त्यावरून गेलेले कळत नाही; ज्याने रोज डाग पुसला, त्याचे आधी ऐकावे.